मोहोळची काळी माती क्ष-किरणांखाली

एप्रिल-मे महिन्यात मोहोळच्या शिवारात, जिथे जमीन खोल आणि काळी आहे तिथे, पायाखाली नीट पाहून चालावे लागते. ज्वारी निघून गेलेली असते, रान मोकळे पडलेले असते आणि त्यावर भेगांचे जाळे पसरलेले असते. काही भेगांत हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. जनावराचा पाय अडकावा एवढ्या रुंद भेगाही असतात. मग जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी पडतात, जमीन फुगते, भेगा मिटून जातात आणि तीच माती चपलेला अशी चिकटते की पाऊल उचलणे जड व्हावे. या भागात घर बांधताना मुरूम लागेपर्यंत पाया खोदतात, तो याच भीतीने. काळ्या मातीवर उभी केलेली भिंत दरवर्षी थोडी वर-खाली होते आणि शेवटी तडकते.

कोकणातली लाल माती असे करीत नाही. ती उन्हाळ्यात सुकते, कडक होते, पण तिला अशा भेगा पडत नाहीत. गंमत अशी की दोन्ही मातींचा मूळ खडक बहुतेक ठिकाणी एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडून थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, झिजून या मातीही झाल्या आणि त्याही झाल्या. प्रयोगशाळेत दोन्हींचे रासायनिक पृथक्करण केले तर सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, ऑक्सिजन हीच मंडळी सापडतात. प्रमाण कमीजास्त असते, परंतु नुसत्या प्रमाणावरून भेगांचा उलगडा होत नाही. दगड, चुना आणि लाकूड किती लागले याची यादी हाती आली म्हणून वाडा कसा बांधला आहे हे कळत नाही, तसेच हे आहे.

हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सहाशे मिलीमीटरही पाऊस होत नाही अशी वर्षे नेहमीचीच. तरीही येथला शेतकरी पावसाळा सरत आला की रब्बीची ज्वारी पेरतो आणि पुढचे तीन-चार महिने आभाळातून जवळजवळ थेंब पडला नाही तरी पीक घेतो. मालदांडी ३५-१ हा रब्बी ज्वारीचा प्रसिद्ध वाण १९३० च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडला गेला, आणि तो आजही पेरला जातो. हे पीक वाढते ते जमिनीने पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलीवर. ही ओल कोठे आणि कशी धरली जाते, हे समजायला मातीच्या आत, थेट अणूंच्या मांडणीपर्यंत उतरावे लागते.

उजेड अपुरा पडतो

अणू दिसत नाही, कारण तो लहान आहे, हे तर खरेच. परंतु आणखी चांगले भिंग केले तर दिसेल का? उत्तर नाही असे आहे, आणि दोष भिंगाचा नसून उजेडाचा आहे. प्रकाश म्हणजे तरंग. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम असते. अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलीमीटरचा एक कोटीवा भाग. स्फटिकातील शेजारशेजारच्या अणूंमधले अंतर एक ते तीन अँगस्ट्रॉम. नदीच्या मोठ्या लाटेला पाण्यात उभ्या असलेल्या बारीक काडीचा पत्ताही लागत नाही, ती जशी होती तशी पुढे जाते. त्याचप्रमाणे प्रकाशाच्या लाटेला एकेका अणूची दखल नसते. अणूंची मांडणी टिपायची तर तरंगलांबीही अणूंमधल्या अंतराइतकीच हवी.

असे किरण १८९५ साली रंटगेन यांना सापडले होते. ते काय आहेत हे न कळल्यामुळे त्यांनी त्यांना क्ष-किरण म्हटले. हाड मोडले की आपण ज्यांनी फोटो काढतो तेच हे. पण ते तरंग आहेत की कण, यावर पुढे सतरा वर्षे वाद चालू होता.

तो वाद मिटला एका मोरचुदाच्या खड्यामुळे. होय, द्राक्षावर फवारण्याच्या औषधात घालतात तोच निळा मोरचूद! १९१२ साली म्युनिक येथे माक्स फॉन लाउए यांना सुचले की, स्फटिकात अणू जर खरोखरच कवायतीच्या रांगांसारखे ठरावीक अंतरांवर उभे असतील आणि क्ष-किरण जर खरोखरच अगदी बारीक तरंग असतील, तर स्फटिकातून जाताना हे किरण काही ठरावीक दिशांनाच फाकतील. फ्रीडरिख आणि क्निपिंग या दोघांनी प्रयोग केला. मोरचुदाच्या स्फटिकावर किरणांचा झोत सोडला आणि मागे फोटोची काच ठेवली. काच धुतल्यावर तिच्यावर मधल्या मोठ्या डागाभोवती लहान लहान ठिपके उमटलेले दिसले. एकाच प्रयोगात दोन गोष्टी सिद्ध झाल्या: क्ष-किरण हे तरंग आहेत, आणि स्फटिकातले अणू रांगेत उभे आहेत.

या प्रयोगाची नक्कल तुम्हाला घरी करता येईल. रात्री दूरच्या विजेच्या एका दिव्याकडे काळ्या छत्रीच्या ताणलेल्या कापडातून पाहा. एका दिव्याच्या जागी फुलीच्या आकारात मांडलेले अनेक दिवे दिसतील. ही करामत कापडातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची. आता जास्त बारीक विणीचे कापड घ्या. ठिपके एकमेकांपासून दूर सरकतील. वीण जितकी बारीक तितके ठिपके लांब, वीण जितकी विरळ तितके ते जवळ. सोलापूरसारख्या विणकरांच्या जिल्ह्यात हे शिकवणे सोपे जावे: कापडाला हात न लावता, केवळ ठिपक्यांमधले अंतर मोजून, एका इंचात धागे किती ते सांगता येते. हा उलटा संबंध लक्षात ठेवा, मातीकडे वळल्यावर तो लागणार आहे.

लेझमीचा ताल

लाउए यांचे ठिपके वाचण्याची सोपी रीत त्याच वर्षी केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने काढली. त्याचे नाव विल्यम लॉरेन्स ब्रॅग. त्याचे वडीलही भौतिकीचे प्राध्यापक होते. दोघांनी मिळून पुढे साध्या मिठापासून हिऱ्यापर्यंत अनेक स्फटिकांची रचना उलगडली आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. मुलगा तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. विज्ञानातले नोबेल इतक्या लहान वयात त्याच्यानंतर अजून कोणाला मिळालेले नाही.

त्याची कल्पना अशी. स्फटिकातील अणूंचे थर एकावर एक रचलेले आहेत असे समजा. किरणांचा एक भाग वरच्या थरावरून परत फिरतो, दुसरा भाग खालच्या थरापर्यंत जाऊन परत फिरतो. खालून आलेल्याला थोडे जास्त अंतर चालावे लागते. हे जादा अंतर बरोबर एक तरंगलांबी असले तर दोन्ही तरंग पुन्हा एका तालात येतात आणि किरण प्रखर होतो. अंतर अर्ध्या तरंगलांबीचे असले तर एकाची चढण दुसऱ्याच्या उतारावर येते आणि दोघेही एकमेकांना खाऊन टाकतात. मिरवणुकीत लेझमीच्या दोन रांगा एकाच ठेक्यावर वाजल्या की आवाज घुमतो, एक रांग मागे पडली की नुसता गोंगाट होतो. येथे तर रांगा हजारो असतात, त्यामुळे ताल जुळला तरच किरण बाहेर पडतो, नाहीतर मुळीच नाही.

हे गणितात मांडले की एक छोटे सूत्र मिळते:

२ × थरांमधले अंतर × साइन (कोन) = तरंगलांबी

तांब्याच्या पट्टीवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळवून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते. ती आपल्याला माहीत आहे. कोणत्या कोनावर किरण प्रखर होतो ते उपकरण मोजते. राहिले थरांमधले अंतर, ते सूत्रातून निघते. येथेही छत्रीच्या कापडासारखेच: अंतर मोठे असेल तर कोन लहान, अंतर लहान असेल तर कोन मोठा.

बारीक मातीची अडचण

मीठ किंवा मोरचूद यांचे टपोरे खडे मिळतात. मातीचे काय? मातीतल्या ज्या भागात तिचा स्वभाव दडलेला असतो, त्या चिकणकणांचा आकार दोन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलीमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या चौपटीपेक्षाही लहान असतो. असा एक कण उचलून किरणांसमोर धरणे अशक्य. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात पुष्कळ जाणकारांचे मत असे होते की, चिकणमातीत स्फटिक नाहीतच, ती एक आकारहीन, खळीसारखी वस्तू आहे.

वाट सापडली ती भुकटीच्या पद्धतीने. डेबाय आणि शेरर यांनी १९१६ साली जर्मनीत आणि हल यांनी स्वतंत्रपणे अमेरिकेत दाखवून दिले की मोठा स्फटिक लागतोच असे नाही. भुकटीत लाखो सूक्ष्म स्फटिक वाटेल तसे पडलेले असतात. त्यांतले काही ना काही योग्य कोनात असतातच, आणि तेवढ्यांनी काम भागते. ही पद्धत मातीला लावली तेव्हा १९३० च्या सुमारास निकाल आला: चिकणकण स्फटिकच आहेत. त्याच वर्षी लायनस पॉलिंग यांनी अभ्रकाची पातळ पाने अणूंच्या कशा थरांनी बनतात ते मांडले, आणि १९३३ मध्ये जर्मनीत हॉफमान, एंडेल व विल्म यांनी पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीची रचना सुचविली. तिचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलों गावावरून ते पडले आहे. आता या साऱ्या कुटुंबाला स्मेक्टाइट म्हणतात.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीची पाळी लवकरच आली. हैदराबाद संस्थानातील एक काळी जमीन आणि एक लाल जमीन यांच्या चिकणभागाची क्ष-किरणांनी केलेली तपासणी नागेलश्मिट, देसाई आणि म्यूर यांनी १९४० साली प्रसिद्ध केली. त्या काळी हैदराबाद संस्थानची हद्द सोलापूर जिल्ह्याला लागूनच होती. काळ्या मातीत मुख्यतः फुगणाऱ्या, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली खनिजे निघाली, तर लाल मातीत कुंभाराच्या पांढऱ्या मातीची, म्हणजे केओलिनच्या कुळातली.

पोळ्यांची चवड

ही दोन कुळे वेगळी का वागतात ते पाहू. दोन्ही खनिजे पानांची बनलेली आहेत. पान दोन प्रकारच्या थरांनी बनते: एक थर सिलिकॉन व ऑक्सिजनचा, दुसरा ॲल्युमिनियम व ऑक्सिजनचा. केओलिनच्या पानात एकेकच थर असतो. मॉन्टमोरिलोनाइटच्या पानात सिलिकॉनचे दोन थर आणि त्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा एक. पुरणपोळीत कणकेच्या दोन पापुद्र्यांमध्ये पुरण असते तसे. केओलिनला मग अर्धी उघडी पोळी म्हणावे लागेल. उपमा फार ताणू नये, पण चित्र डोळ्यांपुढे येण्यापुरती ती चांगली आहे.

केओलिनची पाने एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात. एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचे अंतर ७.१५ अँगस्ट्रॉम. पाणी घाला, ग्लिसरीन घाला, ते बदलत नाही.

मॉन्टमोरिलोनाइटची गोष्ट निराळी. त्याच्या मधल्या थरातल्या काही ॲल्युमिनियमच्या जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात. ॲल्युमिनियमचा भार तीन, मॅग्नेशियमचा दोन. त्यामुळे प्रत्येक पानावर थोडा ऋण भार शिल्लक राहतो. तो फेडण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धन आयन पानांच्या मधल्या फटीत येऊन बसतात. आणि हे आयन पाण्याचे भुकेले असतात. हवेत ओलावा असला की पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गोळा होतात आणि पाने एकमेकांपासून दूर सरकतात.

क्ष-किरणांपुढे हे प्रत्यक्ष पाहता येते. प्रयोगशाळेत मातीतले सेंद्रिय द्रव्य व चुना आधी काढून टाकतात, माती पाण्यात ढवळून ठेवतात, जड कण खाली बसू देतात आणि वर तरंगत राहिलेले चिकणकण तेवढे घेतात. त्यांचा पातळ लेप काचपट्टीवर वाळवतात. पाने असल्यामुळे कण वाळताना आडवे, एकावर एक पडतात, वहीच्या सुट्या कागदांसारखे. मग काचपट्टी किरणांसमोर हळूहळू फिरवतात. झोत आणि परत फिरलेला किरण यांच्यातला कोन सूत्रातल्या कोनाच्या दुप्पट असतो, आणि उपकरणावर तोच वाचतात.

काळ्या मातीतल्या आयनांच्या जागी कॅल्शियम भरून घेतले आणि लेप साध्या हवेत वाळवला तर प्रखर किरण सुमारे ५.९ अंशांवर येतो. सूत्रात घालून पाहा: अंतर १५ अँगस्ट्रॉम. याचा अर्थ पानांच्या मध्ये पाण्याचे दोन पदर आहेत. आता लेपावर ग्लिसरीन शिंपडले की किरण ४.९ अंशांकडे सरकतो. अंतर १८ अँगस्ट्रॉम, म्हणजे पाने आणखी उघडली. आणि कॅल्शियमऐवजी पोटॅशियम भरून लेप ५५० अंश सेल्सियसला तापवला तर किरण ८.८ अंशांवर, म्हणजे १० अँगस्ट्रॉमवर येतो. पाणी गेले, पाने मिटली. एवढ्याच उष्णतेत केओलिनचा ७.१५ चा किरण नाहीसाच होतो, कारण ते खनिज मोडून पडते. ज्याचे अंतर ग्लिसरीनने वाढते आणि तापवल्यावर दहावर येते तो स्मेक्टाइट, अशी ही ओळखपरेड. चोराला ओळखण्यासाठी एकच फोटो पुरत नाही, निरनिराळ्या वेशांतले तीन-चार लागतात.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. पाने फुगतात म्हणून जमीन फुगते, असे पुष्कळ पुस्तकांत एका ओळीत लिहून मोकळे होतात. ते पुरेसे खरे नाही. शेतात भेगा पडतात तेव्हा जमिनीचे जे आकुंचन होते, त्यातला मोठा वाटा पानांमधल्या फटींचा नसतो. तो पानांच्या चळती-चळतींमधल्या सूक्ष्म पोकळ्यांचा असतो. पाने अतिशय पातळ आणि लवचिक असल्यामुळे चळतीही लवचिक असतात. पाणी आले की त्या एकमेकींपासून दूर होतात, गेले की दबून बसतात. ज्वारीची मुळे पाणी पितात तेही बहुतांशी या पोकळ्यांतले. दोन पानांच्या मध्ये आयनांना चिकटलेले पाणी इतके घट्ट धरलेले असते की मुळाला ते सहजी ओढता येत नाही. म्हणून १५ अँगस्ट्रॉम हा आकडा फुगण्याचे माप म्हणून पाहू नका. त्यावरून कळते ते हे, की माती कशा पानांची बनली आहे.

एका ग्रॅममधली साडेसात गुंठे

पाने किती पातळ आहेत याचा अंदाज यावा म्हणून एक गणित करू. पूर्ण कोरड्या पानाची जाडी ९.६ अँगस्ट्रॉम धरा. सेंटिमीटरचे १० कोटी भाग केले तर त्यातले ९.६ भाग. शुद्ध खनिजाची घनता सुमारे २.७, म्हणून १ ग्रॅमचे घनफळ ०.३७ घन सेंटिमीटर. घनफळाला जाडीने भागले की क्षेत्रफळ मिळते. ०.३७ ला १० कोटींनी गुणून ९.६ ने भागा: सुमारे ३८.५ लाख चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३८५ चौरस मीटर. पानाला बाजू दोन, म्हणून दुप्पट करा: ७७० चौरस मीटर. आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर.

चिमूटभर, एका ग्रॅमच्या मातीत साडेसात गुंठे! अर्थात ही शुद्ध खनिजाची गोष्ट झाली. शेतातल्या मातीत वाळू, गाळ, चुनखडी असते. मोहोळकडच्या खोल काळ्या जमिनीत चिकणकण निम्म्याच्या आसपास असतात आणि तेही सगळे स्मेक्टाइट नसतात. तरी निम्म्याने कमी केले तरीही आकडा प्रचंड राहतो. पाऊस पडल्यावर पाणी या एवढ्या पृष्ठभागावर आणि त्याच्या बारीक फटींत पसरते. म्हणून तर मीटर-दीड मीटर खोल काळी जमीन ऑक्टोबरात भिजलेली असली की पुढे ज्वारी पोटऱ्यात येते.

हे पिकापुरते झाले. नागपूरला १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेत डॉ. डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या काळ्या जमिनींतले चिकणकण क्ष-किरणांनी बारकाईने तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. आजच्या कोरड्या हवेत बेसाल्टमधली खनिजे इतक्या वेगाने झिजत नाहीत की एवढा स्मेक्टाइट तयार व्हावा. तेव्हा तो पूर्वीच्या, अधिक पावसाच्या काळात तयार झाला आणि मग वाहत येऊन सखल भागात साचला, असे त्यांचे अनुमान आहे.

चोपण

सीना नदी मोहोळ तालुक्यातून वाहते, आणि भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यावर कालव्याचे पाणीही या भागात आले. पाणी आले, ऊस आला, आणि काही रानांत पांढरे पडलेले पट्टेही दिसू लागले. जास्त पाणी आणि निचरा नाही, अशा ठिकाणी जमीन क्षारपड होते. त्याहून चिवट दुखणे म्हणजे चोपण. चोपण जमिनीत पाणी वर साचून राहते, आत मुरत नाही. वाळली की ती दगडासारखी होते.

पृथक्करण केले तर चोपण मातीतले खनिज तेच निघते. बदललेला असतो तो पानांच्या मध्ये बसलेला पाहुणा. कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो.

हा एवढासा फरक किती मोठा आहे ते नॉरिश यांनी १९५४ साली क्ष-किरणांनीच दाखवले. कॅल्शियम असलेला मॉन्टमोरिलोनाइट कितीही भिजवा, पानांचे अंतर १९ अँगस्ट्रॉमपर्यंत जाते आणि तेथेच थांबते. दोन भारांचा कॅल्शियम दोन्ही बाजूंची पाने जणू हात धरून ठेवतो. सोडियमचा भार एकच. सोडियम असलेली पानेही भिजताना १९ पर्यंत येतात, पण पाणी वाढले की अंतर एकदम उडी मारून ४० च्या पलीकडे जाते आणि पुढे वाढतच राहते. मधले अंतर सापडतच नाही. पाने सुटतात, चळती विस्कटतात, सुटे बारीक कण पाण्याबरोबर जाऊन पोकळ्यांची तोंडे बुजवतात. मग पाणी मुरणार कोठून? शेतात यासाठी सगळा कॅल्शियम जावा लागत नाही. चिकणकणांवरच्या आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमिनीला चोपण म्हणण्याची पद्धत आहे. काळ्या जमिनीत तर त्याच्या आधीच त्रास सुरू होतो.

या भागात नांगरटीला जे चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, त्यांचाही याच्याशी संबंध आहे. कोरड्या हवेत जमिनीतल्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर बसतो. जेवढा तो खड्यात गेला तेवढा पानांच्या वाट्याला कमी आला, आणि मोकळ्या जागेवर सोडियमचे फावले. म्हणजे जमिनीत चुना भरपूर आणि तरीही पानांना कॅल्शियमची टंचाई! चुनखडी पाण्यात फारशी विरघळत नाही, हे त्याचे कारण. म्हणून चोपण सुधारण्यासाठी जिप्सम घालतात. ते चुनखडीपेक्षा बरेच जास्त विरघळते, त्यातला कॅल्शियम पानांमध्ये शिरतो आणि सोडियमला बाहेर काढतो. बाहेर निघालेला सोडियम पाण्याबरोबर निघून जायला मात्र चर खणून निचरा करावा लागतो. नुसते जिप्सम टाकून निचरा न करणे म्हणजे पाहुण्याला उठवून ओसरीवर बसवणे. संधी मिळताच तो पुन्हा घरात येतो.

शाळेत करण्यासारखे

क्ष-किरणांचे उपकरण शाळेत असणार नाही, पण त्याच्या आधीची कामे तुम्ही करू शकता. काळी माती, मुरमाड माती आणि कुंभाराकडची माती आणा. प्रत्येक माती चाळून, पाण्यात मळून तिची बरोबर १० सेंटिमीटर लांबीची वात एका खाचेत बसवा, सावलीत पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा लांबी मोजा. कोणती किती आखडली ते लिहून ठेवा.

दुसरे काम चिकणकण वेगळे करण्याचे. उंच काचपात्रात पाणी घेऊन त्यात मूठभर काळी माती चांगली ढवळा आणि न हलवता ठेवा. साधारण ८ तासांनी वरच्या १० सेंटिमीटर पाण्यात दोन मायक्रॉनपेक्षा मोठे कण राहिलेले नसतात. तेवढे पाणी रबरी नळीने अलगद काढून काचपट्टीवर वाळवले की जो लेप मिळतो, तोच प्रयोगशाळेत किरणांसमोर ठेवतात. पाणी चटकन नितळ झाले तर तुमच्या मातीत किंवा पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे असे समजायला हरकत नाही. दोन दिवसांनीही गढूळच राहिले तर ते रान कोणाचे आहे याची चौकशी करा. चोपणाची ती खूण असू शकते. पांढऱ्या खड्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकले आणि फेस आला, तर ती चुनखडी.

मंगळावरची माती

एवढ्यात एकदा हेच उपकरण फार दूर गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या गाडीत बुटाच्या खोक्याएवढे क्ष-किरण यंत्र बसवलेले आहे. त्यात तांब्याऐवजी कोबाल्टचे किरण वापरले आहेत, सूत्र मात्र ब्रॅगचेच. २०१३ साली गाडीने गेल विवरातल्या एका जुन्या तळ्याच्या तळाशी साचलेल्या खडकाला भोक पाडले आणि त्याची भुकटी यंत्रात घातली. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचा. भुकटीत सुमारे एक पंचमांश स्मेक्टाइट निघाला. तो मॅग्नेशियम जास्त असलेला होता, आपल्यासारखा हुबेहूब नव्हे, पण कुळ तेच. त्या खडकात पाने १० अँगस्ट्रॉमवर मिटलेली होती. अगदी शेजारच्या दुसऱ्या भोकातल्या भुकटीत अंतर १३ अँगस्ट्रॉमहून अधिक भरले: तेथे पानांच्या मध्ये काहीतरी शिरून त्यांना उघडे ठेवत होते.